बिनआवाजाची गाडी

"हरलास तर?" महिपतने विचारलं.

"हरलो तर जेटीवर, संध्याकाळच्या लिलावाला, सगळ्यांदेखत कान धरून दहा उठाबशा. आणि मोठ्याने सांगायचं, मला ऐकू येत नाय."

"आणि मी हरलो तर?"

"तुझ्यापण दहा. आणि सांगायचं, एकतीस वर्षं मी एसटी चालवली नाय, एसटीने मला चालवला."

गल्ली हसली. गोदावहिनी दारात तांदूळ निवडत होती, तिचं सूप हललं. महिपतने हात पुढे केला, मी टाळी दिली, लागली पैज. कारण म्हणाल तर पोरकट. सकाळी महिपत भाट्याच्या पुलाकडे फिरायला निघाला होता, हातात काठी, डोक्याला मफलर. मी माझी नवी, म्हणजे जुनीच, पण मला नवी, गाडी त्याच्या मागून अशी नेली की मांजर लाजेल. ही गाडी हायब्रीड. थोडी बॅटरीवर चालते, थोडी पेट्रोलवर, कधी कशावर ते तिचं ती ठरवते, आणि हळू असली की बॅटरीवर, म्हणजे आवाज शून्य. त्याच्या कमरेपाशी काच खाली केली आणि म्हटलं, "तिकीट?" एसटीतून रिटायर झालेला माणूस, काठी टाकून गटारावरून उडी मारून पलीकडे. मग शिव्या. शिव्या संपल्यावर तो म्हणाला, असली कसली गाडी, जिचं मशीन कधी सुरू झालं ते चालवणाऱ्याला कळत नाय. मी म्हटलं, तुला कळत नसेल. मला डोळे बांधून बसव, दहा वेळा मशीन लागलं तर दहा वेळा हात वर करीन. रत्नागिरीच्या बंदरात तीस वर्षं ट्रॉलरची मशीनं दुरुस्त केलीत. लोक मला युसुफ मिस्त्री म्हणत नाहीत, 'कान' म्हणतात. कानाला बोलवा, कान काय म्हणतो बघा. एक हुकला तर मी हरलो.

सगळे पांगले, मी दाढी करायला बसलो आणि आरशात माझाच हसरा चेहरा बघताना वस्तरा गालावरच थांबला. शिक्षा मी ठरवली होती. महिपतने नाही. मिशी काढणं होतं, टोपली डोक्यावर घेऊन बांगडे विकणं होतं, शंभर गोष्टी होत्या. माझ्या तोंडून नेमकं तेच का निघालं? दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी जीभ तिथे गेली. कारण मला खरंच कमी ऐकू येतं. दहा वर्षं झाली. आणि हे अख्ख्या बंदरात कोणाला माहीत नाही. कानाचे कान गेलेत हे कळलं तर कोण बोलवणार कानाला?

कसे गेले ते सांगायला काय, जसे सगळ्या मिस्त्रींचे जातात. ट्रॉलरच्या पोटात मशीनची खोली म्हणजे चार माणसांच्या कबरीएवढी जागा. वर डेक, खाली पाणी, मधे सहा सिलिंडर आणि मी. माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, लांब पेचकस घ्यायचा, टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. मग मशीन बोलतं. पहिलं सिलिंडर खोकतं, तिसरं कुरकुरतं, बेअरिंग दात खातं. काय मजा होती! पंचवीस वर्षांचा होतो, डोळे मिटून ऐकायचो आणि वर येऊन सांगायचो, तिसरा नोझल. खोलून बघायचे, तिसरा नोझल. तांडेल लोक, म्हणजे बोटी नेणारे, पाया पडायचे बाकी राहायचे. मग एक दिवस पेचकस टेकवला आणि मशीन लांब गेल्यासारखं वाटलं, जसा माणूस बोलता बोलता दुसऱ्या खोलीत जातो. मी वाट बघितली परत येईल म्हणून. नाही आलं. पण गंमत बघा, चप्पल काढून उभा होतो, तळव्याला फळी लागत होती, आणि फळी सगळं सांगत होती. तिसरं सिलिंडर टाचेला लागतं, पाचवं अंगठ्याला. तेव्हापासून दहा वर्षं मी पेचकस नुसता शोभेला धरतो, डोळे मिटतो, मान हलवतो, वाटल्यास एक उसासा सोडतो, आणि ऐकतो पायाने. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फिरकी हीच. आणि ती कोणाला सांगता येत नाही हे तिचं दुःख.

बाकीचं सोपं आहे. जेटीवर सगळेच ओरडतात, तिथे कोण बहिरा आणि कोण शहाणा कळत नाही. मशिदीत पुढच्या रांगेचं बघून वाकतो. गल्लीत आधी मीच बोलतो, आधी मीच हसतो. जो माणूस आधी हसवतो त्याला कोणी प्रश्न विचारत नाही, आणि विचारलाच तर काहीही उत्तर दिलं तरी चालतं, म्हणतात युसुफची मस्करी. लोकांना वाटतं मी खोड्या करतो कारण माझा स्वभाव तसा. स्वभाव तसा आहेच. महिपतच्या माडावर गजराचं घड्याळ बांधलं होतं ते काही बहिरेपणामुळे नाही. पण अर्ध्या खोड्या पोटासाठी आहेत, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही, निदान स्वतःशी.

एकच ठिकाण होतं जिथे फिरकी चालत नव्हती. घर. साबेराने, माझ्या बायकोने, कधी काही विचारलं नाही. ती फक्त मोठ्याने बोलायला लागली. आधी जरा, मग बरंच. "चहा घेता कायऽ" असं ती स्वयंपाकघरातून म्हणायची आणि समोरची गोदावहिनी म्हणायची, चला, युसुफभायचा चहा झाला. मीच गल्लीत तिला नाव दिलं होतं, स्टँडवरची अनाउन्सर. सगळे हसले. ती पण हसली होती. असं मला वाटतं. मी तेव्हा तिच्याकडे बघत नव्हतो, हसणाऱ्यांकडे बघत होतो.

आणि गाडी. गाडी घ्यायची नव्हतीच. माझा एक छंद आहे, विकायला काढलेल्या महागड्या गाडीत जाऊन बसायचं, सीट मागेपुढे करायची, नाक मुरडायचं आणि सांगायचं, बघतो. साबेराला खेडला बहिणीकडे जायचं होतं, आणि वाटेत लोट्याला विनोद म्हणून गाड्यांचा एक दलाल आहे, त्याने फोटो पाठवला होता. कुठल्याशा कंपनीच्या साहेबांची गाडी, जपानी, मोठी, काळी, आतून एखाद्या आमदाराच्या दिवाणखान्यासारखी. साहेब नऊ वर्षं लोटे-मुंबई, मुंबई-लोटे. मीटर दोन लाख एकेचाळीस हजार किलोमीटर. आमचा उमेर दोह्यात असतो, तो व्हिडिओवर म्हणाला, "अब्बा, एवढ्यात माणूस चंद्राच्या अर्ध्या वाटेच्या पुढे जातो." मी म्हटलं, मग उरलेली वाट मी नेतो. मस्करीच. विनोदने चावी दिली, मी बसलो, साबेरा बाजूला बसली. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा. बाहेर कंपनीची बस सुटत होती, दुपारची पाळी, माणसं चढत होती, बसच्या मागून काळा धूर निघाला, आणि आवाज नाही. विनोदचं तोंड हलत होतं, तो हसत होता, आवाज नाही. माझ्या मानेवर घाम आला. मला वाटलं, झालं. राहिलेलं होतं ते पण गेलं. असं एखाद्या मंगळवारी, लोट्याला, दुसऱ्याच्या गाडीत बसून जातं काय? मी पाय चाचपले, तळव्याला पण काही नाही. जगाने मला बाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं.

मग खळ्.

डावीकडून. बारीक, काचेचं. साबेराने ओढणी सारखी केली होती, तिच्या बांगड्या होत्या त्या. आणि मग ती बोलली, मोठ्याने नाही, बाजूला बसलेल्या माणसाशी माणूस बोलतं तसं, "ह्याचा एसी जरा कमी होतो काय?" विनोदने दार उघडून सांगितलं, मिस्त्री, गाडी चालूच आहे, तुम्ही चालू केलीत, बंद केलीत, परत चालू केलीत. आणि काच अशी जाड आहे की बाहेरचं काही आत येत नाही. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. तो आवाज! थोडा नाकातला, शेवटच्या शब्दाला किंचित वर जाणारा, आत कुठेतरी हसू लपवलेला. हा आवाज मी राजापूरला लग्नात पहिल्यांदा ऐकला होता, पडद्याआडून, आणि घरी येऊन आईला म्हटलं होतं, मुलगी नंतर बघू, आवाज पसंत आहे. दहा वर्षं तो आवाज घरात होता आणि मी त्याच्यावर पत्र्यासारखं काहीतरी घालून ठेवलं होतं. ओरडणाऱ्या बाईचा आवाज वेगळा असतो. सगळ्या ओरडणाऱ्या बायकांचा एकच असतो. मी विनोदला म्हटलं, घेतली. तो घासाघीस करायच्या तयारीत होता, बिचाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. गल्लीत सांगितलं, लक्झरी घेतली, चामड्याच्या सीटी आहेत. खरं कारण कोणाला सांगणार, की बायकोचं बोलणं ऐकायला गाडी घेतली?

रविवारी सकाळी परीक्षा. महिपत चालवणार, मी बाजूला डोळे बांधून, मागे माझ्या पाठीशी साबेरा, आणि महिपतच्या मागे त्याची मुलगी नम्रता. नम्रता शाळेत गणित शिकवते, तिला पंच केलं, कारण ती सख्ख्या बापाला अर्धा मार्क वाढवून देणार नाही. गाडीत मधल्या स्क्रीनवर बाण दिसतात, मशीन लागलं की चाकाकडे लाल बाण जातो. ती तो बघणार, वहीत खूण करणार. पट्टी म्हणून साबेराची ओढणी. बसायच्या आधी मी चप्पल काढली आणि पायाखालची जाड चटई उचलून मागे टाकली. "पायाला चिकटते," म्हटलं. महिपत म्हणाला, "राजासारखा बस रे, शेवटचा प्रवास हाय तुझा कान म्हणून."

परटवण्यापर्यंत दोनदा मशीन लागलं, दोनदा हात वर. टाचेखाली मुंगीने कूस बदलावी एवढंच, पण माझ्या टाचेला पुरे. शिरगावच्या वळणावर महिपतचा डावा पाय बोलला. एकतीस वर्षांचा क्लच त्या पायात आहे, आणि या गाडीला क्लचच नाही. वळण आलं की पाय आपोआप क्लच शोधतो, सापडतो ब्रेक. गाडी जागच्या जागी बसली, मी पुढे, साबेरा माझ्या सीटवर, नम्रताची वही डॅशबोर्डवर.

"बाबा, डावा पाय मांडी घालून ठेवा!"

"अगो, पाय माझा नाय तो, महामंडळाचा हाय!"

साखरतरच्या पुलावर पाचवं, बसणीच्या चढाला सातवं. नम्रता प्रत्येक वेळी "बरोबर" म्हणत होती, शाळेत म्हणते तसं, कोरडं. महिपत गप्प होत चालला होता. मी पट्टीखाली हसत होतो. आंब्याच्या मोहोराचा वास एसीतून पण येत होता. नववं. बरोबर. एकच राहिलं. पुढे आरे-वारेचा चढ, तिथे मशीन लागल्याशिवाय गाडी चढणारच नाही, म्हणजे दहावं तर फुकटचंच. मला जेटी दिसायला लागली, महिपत कान धरून बसतोय, उठतोय. बिचारा. मी ठरवलं, पाचवर माफ करीन. नाही, सातवर.

"अवो," साबेरा म्हणाली.

माझ्या कानाच्या मागून, सीटच्या पाठीला तोंड लावून. हळू. डोळ्यांसमोर काळोख होता, बाहेरचं जग जाड काचेपलीकडे होतं, आणि त्या काळोखात तो आवाज एकटाच होता, दिव्यासारखा.

"काल गोदावहिनी म्हणली, साबेरा, घसा बसलाय तुझा, एवढी भांडू नको गो. मी हसले. काय सांगणार? दहा वर्षांत मी भांडलेच नाय. मी विचारते, चहा घेता काय. जेवता काय. गोळी घेतली काय. पण अख्ख्या गल्लीला विचारल्यासारखं विचारते, तर लोकांना वाटतं भांडते."

माझे हात मांडीवर होते.

"बहिणीकडे गेले तर तिची सून म्हणते, मावशी, हळू बोला, बाळ झोपलाय. मला हळू बोलता येईना झालं बगा. मला वाटलं, गेलं ते माझं. मग त्या दिवशी लोट्याला एसीचं बोलले नि तुमी वळून बगितलंत. तेव्हा मला कळलं, गाडी कशाला घेतलीत ती."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. पुटपुटलो.

"पहिल्या वर्षापासून. तुमी पायाने ऐकता ते पण. माझी सगळ्या मशीनवाल्यांच्या पायाकडे बगायची सवय जात नाय, बाप माझा पण मिस्त्री, तो पण पायानेच ऐकायचा." मग इथे ते लपवलेलं हसू आलं, "अनाउन्सर."

तो एक शब्द तिने इतका हळू म्हटला की तो ऐकायला मी सगळा मागे गेलो. पाय तिथेच राहिले असतील, पायांनी सांगितलं पण असेल, मी घरी नव्हतो. मला तो लग्नाचा पडदा दिसत होता, स्वयंपाकघर दिसत होतं, तिचा उघडा जबडा, मानेच्या ताणलेल्या शिरा, आणि मी, दारात, टाळ्या घेणारा. वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की लाज वाटत होती. मला वाटत होतं तिने बोलत राहावं, गाडीने चंद्रापर्यंत जावं.

"चाचा," नम्रता म्हणाली. "दहा सेकंद झाले."

"काय?"

"मशीन लागून. हात?"

गाडी थांबली, या वेळी उजव्या पायाने. मी ओढणी सोडली. आम्ही चढाच्या माथ्यावर होतो, खाली डावीकडे आख्खा समुद्र, इतका निळा की बांधून सोडलेल्या डोळ्यांना टोचला. महिपत गाडीतून उतरून रस्त्यात नाचत होता. साठीचा माणूस, मफलर फिरवत. मी मागे बघितलं. साबेरा समुद्राकडे बघत होती, तोंड अगदी गरीब. नम्रताने सगळं ऐकलं असणार. पण गणिताच्या बाईंनी नजर स्क्रीनवरून हलवली नव्हती, वहीत दहाव्या घरात फुली होती आणि तिच्या पेनची टोपी दाताखाली.

संध्याकाळी जेटी भरली होती. महिपतने दुपारभर गल्लीगल्लीत सांगितलं होतं. ट्रॉलर लागलेले, टोपल्यांच्या रांगा, बर्फाचं पाणी पायाखाली, लिलावाचा पुकारा. बाबल्या तांडेलाने स्वतः लिलाव थांबवला. तीन ट्रॉलरांचा मालक तो, त्याची तिन्ही मशीनं माझ्याकडे. "व्हा बाजूला, कानाचा कार्यक्रम हाय!" मी गाडी अगदी मासळीच्या ढिगापर्यंत आणली होती, साबेरा आत बसली होती, काच वर. मी उतरलो, चप्पल काढली, कान धरले. बाबल्या मोजायला लागला. एक. शिट्ट्या. दोन. तीनला गुडघ्याने पुकारा केला. चार.

"आधी बोल!" महिपत ओरडला. "ठरलंय ते बोल!"

"मला ऐकू येत नाय!" मी ओरडलो.

असं हसू फुटलं की कावळे उडाले. कोळणी टोपल्यांना धरून हसत होत्या. बाबल्याच्या डोळ्यांत पाणी. "मेल्या, तुला ऐकू येत नाय तर माझं मशीन कोण ऐकतो?"

"पाय," मी म्हटलं, आणि ओला तळवा वर करून दाखवला. आणखी हसू. कोणी माझ्या तळव्यापाशी तोंड नेऊन म्हणालं, "हॅलो, हॅलो!" सुटलो होतो. आयुष्यभराची फिरकी मी खरी सांगितली होती आणि तीच सगळ्यात मोठी मस्करी ठरली होती. कान पुन्हा कान झाला होता. इथे थांबलो असतो तर उद्या सकाळी बाबल्याने बोलावलंच असतं. मी काचेकडे बघितलं. काचेत आकाश होतं, साबेरा दिसत नव्हती.

"ऐका रे," मी म्हटलं. कान अजून हातात होते. "दहा वर्षं झाली. खरं सांगतो. म्हणून ती मोठ्याने बोलते. साबेरा कधी भांडली नाय. मला ऐकू येत नव्हतं म्हणून ती ओरडत होती, आणि तुम्ही हसत होता, नि नाव ठेवणारा पण मीच."

बर्फ वितळून टोपल्यांतून ठिबकत होता, ते दिसत होतं. गोदावहिनी पुढे उभी होती, तिने तोंडावर पदर घेतला. बाबल्याने माझ्या पायांकडे बघितलं, मग त्याच्या ट्रॉलरकडे, मग परत पायांकडे. "तिसऱ्या नोझलला," तो म्हणाला, "टाच की अंगठा?"

"टाच."

"मग उद्या सातला ये. चप्पल घालून इलास तर बघ." आणि कोणीतरी परत हसलं, आणि मग सगळेच, पण आता ते हसणं माझ्यावर पाणी ओतल्यासारखं होतं, अंघोळीचं.

महिपत तेवढा हसला नाही. तो जवळ आला, नेहमीसारखा उजवा गाल पुढे करून. मला वाटायचं तो त्याचा रुबाब. "एसटीचं मशीन," तो म्हणाला, "डाव्या गुडघ्याला असायचं पूर्वी. एकतीस वर्षं." आणि डाव्या कानाला हात लावून त्याने बोट हलवलं, नाही म्हणून. "कोणाला बोलू नको."

"मी? छे!" म्हटलं. मग उठाबशा संपवल्या. पाच, सहा, सात, आणि बाबल्याचा आकडा गर्दीत हरवलेला बघून मी स्वतःच "दहा!" म्हणून ओरडलो, दोन्ही हात वर केले. टाळ्या. कोणाला कळलं नाही. चप्पल घेऊन लंगडत गाडीत येऊन बसलो आणि दार ओढलं.

जेटी बंद झाली. लिलाव, कावळे, महिपत, सगळे नुसते हलत होते. बांगड्या वाजल्या.

"सातच झाल्या," साबेरा म्हणाली. अगदी हळू. "तीन राहिल्यात."

मी दार उघडलं आणि परत कान धरले.